एमआरआय दहा मिनिटांत उरकला, म्हणजे घाईघाईत उरकला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचा एमआरआय केला तेव्हा अर्धा-पाऊण तास आत पडून राहावं लागलं होतं. यावेळी दहा-बारा मिनिटांत सगळं आटोपलं. विचारल्यावर ‘आता मशीन एआयवर चालतं’ एवढंच सांगण्यात आलं. मग हे चित्र खरं की मशीननं रंगवलेलं? आणि १.५ टेस्लाऐवजी ३ टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजण्याचं एकक) पुन्हा करून घ्यावं का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. कमी वेळ लागला म्हणून तपासणी कच्ची ठरत नाही. एआयनं हवेतून चित्र काढलेलं नाही, पण तुमच्या शंकेत काहीच तथ्य नाही असंही म्हणणार नाही. आणि फक्त टेस्लाचा आकडा मोठा आहे म्हणून गुडघा पुन्हा तपासायची बहुतेकांना गरज नसते. एमआरआयचे रिपोर्ट देण्यातच माझं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

वेळ जातो कुठे, ते आधी बघू. एमआरआय म्हणजे फोटो नव्हे. शरीरातल्या पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे अणुकेंद्र मोठ्या चुंबकात गेले की काही क्षेत्राच्या दिशेनं राहतात, काही उलट दिशेनं, आणि बहुतेकांचा परिणाम एकमेकांत खोडला जातो. १.५ टेस्लाला दहा लाखांमागे साधारण पाच शिल्लक राहतात. आपलं सगळं काम त्या पाचांच्या सिग्नलवर चालतं. म्हणून एमआरआयमध्ये सिग्नल कायम तुटपुंजा आणि तो पुरेसा गोळा करायला वेळ लागतो, हे पहिलं कारण.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मशीन थेट चित्र मोजत नाही. ते मोजतं त्याला आम्ही के-स्पेस म्हणतो. हा आकड्यांचा एक चौकोनी तक्ता असतो. त्याच्या मधल्या भागात चित्राचा एकूण उजेड-अंधार आणि कॉन्ट्रास्ट असतो, कडेच्या भागात बारकावे. तक्ता पूर्ण भरला की फूरिए गणित लावून चित्र मिळतं. जुन्या पद्धतीत एका वेळी एकच ओळ भरायची, अणुकेंद्र पुन्हा सावरेपर्यंत थांबायचं, मग पुढची ओळ. आता हिशेब करा. टी-२ प्रकारच्या (पाणी उजळ दिसणाऱ्या) चित्रासाठी दोन ओळींमध्ये ३ सेकंद थांबायचं आणि ओळी २५६. झाले ७६८ सेकंद, म्हणजे १२ मिनिटं ४८ सेकंद, तेही एका दिशेच्या, एकाच प्रकारच्या चित्रांसाठी. (त्या ३ सेकंदांच्या मधल्या वेळात बाकीच्या स्लाइस मोजून होतात, एवढाच दिलासा.) गुडघ्याला असे चार-पाच संच लागतात. या गतीनं गेलो असतो तर तास उलटून गेला असता आणि इतका वेळ कुणाचाच गुडघा स्थिर राहिला नसता.

तेव्हा एमआरआयच्या प्रगतीचा निम्म्याहून जास्त इतिहास हा तक्ता लवकर कसा भरायचा, किंवा पूर्ण न भरता कसं निभवायचं, याचाच आहे. चुंबकाच्या ताकदीच्या गोष्टी बातम्यांत येतात. रोजच्या तपासणीत फरक पाडला तो या खटपटीनं.

पहिली मोठी उडी १९८६ ची. जर्मनीत युर्गन हेनिग यांनी एका उत्तेजनानंतर (अणुकेंद्रांना दिलेल्या रेडिओलहरीच्या एका धक्क्यानंतर) एकच ओळ न घेता पाठोपाठ प्रतिध्वनी घेत अनेक ओळी भरण्याची पद्धत मांडली. आज तिला फास्ट किंवा टर्बो स्पिन एको म्हणतात. एका दमात १६ ओळी घेतल्या की वरचे ७६८ सेकंद ४८ वर येतात. तुमच्या दोन्ही तपासण्यांत, जुन्या आणि नव्या, हीच पद्धत वापरली असणार. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं तुमचं ‘जुनं, सावकाश’ चित्रसुद्धा मुळात शॉर्टकटनंच घेतलेलं होतं. त्याची किंमतही आहे. उशिरा आलेले प्रतिध्वनी क्षीण असतात, त्यामुळे चित्राला किंचित धूसरपणा येतो. शिवाय या पद्धतीत चरबी उजळ दिसते. हाडाच्या मगजात चरबी भरपूर, आणि मार लागून आलेली सूजही उजळच. मग उजळात उजळ दिसणार कसं? म्हणून गुडघ्याच्या तपासणीत चरबीचा सिग्नल दाबून घेतलेला निदान एक संच असायलाच हवा. तो नसेल तर कितीही टेस्ला असोत, हाडाची आतली सूज हातची जाऊ शकते.

याहून वेगवान पद्धत पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्येच सुचवली होती, एको प्लॅनर. एका उत्तेजनात सगळा तक्ता भरायचा, एक स्लाइस सेकंदाच्या दहाव्या भागात. पण तेवढ्या झपाट्यानं चुंबकीय उतार बदलणारी ग्रेडियंट कॉइल्स तेव्हा नव्हती. ती आली तशी १९९० च्या दशकात ही पद्धत दवाखान्यांत पोचली आणि तिच्यावर डिफ्युजन इमेजिंग, म्हणजे ऊतींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारं चित्रण, उभं राहिलं. पॉल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा आहे. मला विचाराल तर एमआरआयनं वैद्यकाला दिलेली सर्वांत उपयोगी भेट डिफ्युजन हीच. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगतात आणि त्यांच्याभोवतीच्या पाण्याची हालचाल अडते. डिफ्युजनमध्ये तो भाग काही मिनिटांतच पांढरा चमकतो, तेव्हा सीटी स्कॅन अजून जवळपास नॉर्मल असतो. झोपेतून उठताना लकवा झालेला लक्षात आला, तर तो नेमका कधी झाला हे कुणीच सांगू शकत नाही आणि गाठ विरघळवणारं औषध द्यायचं की नाही असा पेच पडतो. डिफ्युजनमध्ये भाग दिसतोय पण फ्लेअर या एमआरआयच्याच दुसऱ्या प्रकारच्या चित्रात अजून उमटलेला नाही, याचा अर्थ घटना ताजी, बहुधा साडेचार तासांच्या आतली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेक-अप चाचणीत याच आधारावर औषध दिलेल्या रुग्णांची नंतरची स्थिती जास्त चांगली राहिली, मात्र मेंदूत रक्तस्रावाचं प्रमाणही थोडं जास्त दिसलं. या तपासणीला वेग हवा म्हणतात तो असा.

ग्रेडियंट किती जोरात पळवायचे याला मात्र माणसाच्या शरीरानंच मर्यादा घातली. क्षेत्र फार झटकन बदललं तर हातापायांच्या नसा उद्दीपित होतात, स्नायू फडफडतात. ‘आत असताना पाठीत मुंग्यांसारखं झालं’ असं काही जण सांगतात, तो भास नसतो. आतला तो ठकठकाट हाही याच कॉइल्सचा, चुंबकाचा नव्हे.

मग वेग कुठून काढायचा? उत्तर आलं सिग्नल ऐकणाऱ्या कॉइलमधून. गुडघ्याभोवती बसवतात ते कवच म्हणजे एकच अँटेना नसते. त्यात आठ, सोळा किंवा जास्त छोट्या अँटेना असतात आणि प्रत्येकीला आपल्या जवळचा भाग जोरात ऐकू येतो. ही स्थानिक माहिती वापरली तर तक्त्यातल्या निम्म्या ओळी सोडून देता येतात. ओळी सोडल्या की चित्राची घडी पडते, डावी बाजू उजवीवर येते. पण कोणत्या अँटेनाला काय किती जोरात ऐकू आलं ते माहीत असल्यानं गणितानं ती घडी उलगडता येते. डॅनियल सोडिक्सन यांनी १९९७ मध्ये, क्लास प्रुसमन यांनी १९९९ मध्ये आणि मार्क ग्रिसवोल्ड यांनी २००२ मध्ये यासाठी वेगवेगळ्या पद्धती मांडल्या. आज बहुतेक प्रत्येक मशीनवर यातली कुठली ना कुठली चालू असते. इथेही फुकट काही नाही. माप निम्मं घेतलं की चित्रातला रवाळपणा निदान १.४ पट होतो आणि अँटेनांपासून दूर असलेल्या मधल्या भागात त्याहूनही वाढतो. दुप्पट वेग निभतो, तिप्पट चालवून घेता येतो, पण त्यापुढे एकाच दिशेत ताणलं तर चित्राच्या मध्यभागी नुसती वाळू पसरल्यासारखी दिसते.

२००७ मध्ये मायकेल लस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी कॉम्प्रेस्ड सेन्सिंग एमआरआयमध्ये आणलं. त्यामागची कल्पना अशी की शरीराचं चित्र म्हणजे मन मानेल तसे पसरलेले ठिपके नव्हेत. त्यात सलग भाग असतात, कडा असतात, आणि योग्य गणिती रूपात ते मोजक्या आकड्यांत मावतं. मग ओळी ठरावीक अंतरानं न सोडता विस्कळीतपणे सोडायच्या, म्हणजे त्रुटी घडीसारखी न दिसता गोंगाटासारखी पसरते, आणि मग मोजलेल्या आकड्यांशी जुळणारं सर्वांत साधं चित्र शोधायचं. कल्पना देखणी, पण सुरुवातीला संगणक इतका वेळ घ्यायचा की रुग्ण घरी पोचला तरी चित्र तयार नसायचं. अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची) मंजुरी मिळून हे बाजारातल्या मशीनवर २०१७ च्या सुमारास आलं. यकृतासाठी आणि धडधडत्या हृदयासाठी ते वरदान ठरलं. अति ताणलं की मात्र चित्र प्लॅस्टिकचं वाटतं.

इथवरचं सगळं समजलं असेल तर तुमच्या ‘एआय’चं गूढ बरंचसं उतरेल. कॉम्प्रेस्ड सेन्सिंगमध्ये ‘चित्र कसं असतं’ याचा नियम माणूस लिहून देतो. डीप लर्निंगमध्ये तो नियम मशीन हजारो पूर्ण मोजलेल्या तपासण्यांवरून शिकतं. तुमच्यासाठी योगायोग असा की या क्षेत्रातला सर्वांत प्रसिद्ध खुला डेटा गुडघ्यांचाच आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र आणि फेसबुक यांनी २०१८ मध्ये ‘फास्टएमआरआय’ प्रकल्पात तो उपलब्ध करून दिला. २०२० मध्ये त्याच गटानं ३ टेस्लावरच्या गुडघ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीची चित्रं आणि कमी मोजून एआयनं पूर्ण केलेली चित्रं रेडिओलॉजिस्टना दाखवली, आणि एकाच्या जागी दुसरी वापरली तरी निदानात फरक पडत नाही असं त्यात दिसलं.

पण ‘एआय’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एका प्रकारात शिकलेलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे जाळं, रिकन्स्ट्रक्शनच्या (मोजमापातून चित्र बांधणाऱ्या गणिताच्या) आत बसवलेलं असतं. ते चित्र सुधारतं, लगेच ते चित्र मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघतं, विसंगती दुरुस्त करतं, पुन्हा सुधारतं. मोजलेल्या आकड्यांपासून फार दूर जायची त्याला मुभा नसते. दुसऱ्या प्रकारात तयार झालेलं चित्र घेऊन ते फक्त गुळगुळीत आणि धारदार केलं जातं. मोजमाप त्याच्या हातात नसतंच. पहिल्यावर माझा बराच विश्वास आहे, दुसऱ्याकडे मी जरा सावधपणे बघतो.

भीती निराधार नाही हेही सांगायला हवं. २०२० मध्येच एका गणिती गटानं दाखवून दिलं की यातली काही जाळी इतकी हळवी असतात की मोजमापात नजरेला न दिसणारा बदल केला तरी चित्र बिघडतं, आणि एखादा लहान तपशील पुसलाही जाऊ शकतो. त्याच वर्षीच्या फास्टएमआरआय स्पर्धेत, मेंदूच्या खूप ताणलेल्या चित्रांत, रेडिओलॉजिस्टना प्रत्यक्षात नसलेल्या रचना दिसल्या होत्या. यातलं बरंचसं आठपट वगैरे वेगाला होतं. दवाखान्यात एवढं कुणी ताणत नाही, निदान ताणू नये.

मग वाचताना मी काय बघतो? मेनिस्कसमधली (गुडघ्यातल्या कुर्चेच्या गादीतली) फट एकाच दिशेच्या संचात दिसते की दुसऱ्या दिशेतही, हे पहिलं. दोन संच वेगवेगळे मोजलेले असतात, त्यामुळे खोटी रेघ दोन्हींत त्याच जागी उमटणं अवघड. दुसरं म्हणजे, हाडाच्या मगजात नेहमी बारीक जाळीसारखा पोत दिसतो. तो सगळीकडे तुळतुळीत झाला असेल तर गाळणी जास्त लागली आहे हे कळतं, आणि मग कास्थ्याच्या (हाडाच्या टोकावरच्या कुर्चेच्या) पृष्ठभागावरच्या उथळ ओरखड्यांबद्दल मी ठाम विधान करत नाही. शंका आलीच तर टेक्निशियनला तोच संच एआयशिवाय पुन्हा तयार करायला सांगतो. अडचण एवढीच की कच्चं मोजमाप मशीनमध्ये फार काळ ठेवलेलं नसतं. पुढच्या रुग्णांच्या डेटाखाली ते पुसलं जातं, त्यामुळे हे त्याच दिवशी, शक्यतो रुग्ण टेबलावर असतानाच करावं लागतं.

एआयच्या बाजूनं एक गोष्ट नेहमी दुर्लक्षित राहते. एमआरआय बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण रुग्णाची हालचाल हे आहे. एकेक संच चार मिनिटांऐवजी दीड मिनिटाचा झाला की दुखऱ्या गुडघ्याचा माणूसही स्थिर राहतो. लहान मुलांना गुंगी द्यायची वेळ कमी येते. त्यामुळे घाईनं घेतलेलं दिसणारं चित्र बरेचदा सावकाश घेतलेल्या हललेल्या चित्रापेक्षा सरस असतं. हललेलं चित्र मात्र एआय अजून भरवशानं सावरून देत नाही.

आता टेस्ला. ३ टेस्लाला सिग्नल १.५ च्या दुप्पट, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात थोडा कमीच मिळतो. पण तापही वाढतात. शरीरात शोषली जाणारी रेडिओऊर्जा साधारण चौपट होते, म्हणून मशीन मध्येमध्ये स्वतःच वेग आवरतं. धातूभोवतीची विकृती वाढते. ३ टेस्लाला वापरतात त्या १२८ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची शरीरातली लांबी २६ सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे पोटाच्या रुंदीच्या जवळपास, आणि पोटात पाणी झालेल्या रुग्णाच्या चित्रात मधोमध काळी सावली पडते. मेंदू, प्रोस्टेट, लहान सांधे, कास्थ्याचे बारकावे इथे ३ टेस्ला खरंच सरस. गुडघ्यात रॉड-स्क्रू असेल तर मी आपणहून १.५ मागतो.

७ टेस्लाला एफडीएची परवानगी २०१७ मध्ये मिळाली, डोकं आणि हातपायांपुरती. फ्रान्समध्ये साक्ले इथे ११.७ टेस्लाचं, १३२ टन वजनाचं चुंबक आहे आणि २०२४ मध्ये त्यावरची माणसाच्या मेंदूची पहिली चित्रं जाहीर झाली. चार मिनिटांत ०.२ मिलिमीटरचा तपशील बघून मीही थक्क झालो, पण ते संशोधनाचं यंत्र आहे.

माझ्या मते जास्त रंजक घडामोड उलट दिशेला चालू आहे. २०२० मध्ये ०.०६४ टेस्लाचं, चाकांवर ढकलत रुग्णाच्या खाटेशी नेता येणारं मेंदूचं मशीन मंजूर झालं. त्यामागोमाग ०.५५ टेस्लाची पूर्ण शरीराची मशीन आली. सिग्नल कमी, पण आधुनिक कॉइल्स आणि वर सांगितलेलं रिकन्स्ट्रक्शन ती तूट बऱ्यापैकी भरून काढतात. वर धातूचा त्रास कमी, तापणं कमी, आणि हवेनं भरलेली फुफ्फुसं, जी ३ टेस्लाला काळी ठिक्कर दिसतात, इथे थोडीफार दिसू लागतात. अशा मशीनला हेलियमही लीटरभराहून कमी पुरतं. नेहमीच्या चुंबकात हजार-दीड हजार लीटर द्रव हेलियम लागतं, उणे २६९ अंशांना, आणि काही बिनसून ते उकळलं की सगळं वायू होऊन बाहेर सोडावं लागतं. २०१८ पासून बंद चुंबकात ७ लीटरवर चालणारी १.५ टेस्लाची मशीनही मिळतात.

गॅडोलिनियमबद्दल (चित्रात काही भाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात त्या औषधातल्या धातूबद्दल) तुम्ही विचारलेलं नाही, पण लोक विचारतातच. मूत्रपिंड अगदी निकामी असलेल्यांत २००६ मध्ये त्याच्याशी जोडलेला त्वचेचा गंभीर आजार लक्षात आला. २०१४ मध्ये वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत त्याच्या खुणा दिसल्या. त्यानंतर युरोपनं सैल बांधणीच्या औषधांवर २०१७ मध्ये मोठे निर्बंध आणले. आता वापरतात त्यांत धातू पिंजऱ्यासारख्या रेणूत घट्ट अडकवलेला असतो, आणि २०२२ मध्ये निम्म्या मात्रेत काम भागवणारं औषधही मंजूर झालं. साध्या गुडघ्याला ते लागतच नाही.

तुमच्या गुडघ्याचं आता. मेनिस्कस फाटलाय का, लिगामेंट तुटलंय का, एवढाच प्रश्न असेल तर चांगल्या कॉइलवर घेतलेला १.५ टेस्लाचा दहा मिनिटांचा एमआरआय पुरतो. पुन्हा करायला मी तीनच परिस्थितींत सांगेन. रिपोर्टमध्ये हालचालीमुळे चित्र धूसर असल्याचं लिहिलं असेल तेव्हा. मेनिस्कसवर आधी शस्त्रक्रिया झालेली असून ती जागा पुन्हा फाटली का हे ठरवायचं असेल तेव्हा. किंवा कास्थ्यावर शस्त्रक्रियेचा विचार चालू असून सर्जनला इजेच्या खोलीचा नेमका अंदाज हवा असेल तेव्हा, आणि यात ३ टेस्लाचा आग्रह योग्य ठरतो. रिपोर्ट नॉर्मल असूनही गुडघा अडकत असेल, तर आधी सर्जनकडून हातानं तपासून घ्या.

पुन्हा करायचं ठरलंच तर दोन्ही जुन्या तपासण्यांच्या डायकॉम फाइल (सीडीवर वगैरे मिळणारी सगळी मूळ डिजिटल चित्रं) न्या. फिल्मवर निवडक चित्रंच असतात, आणि ती मापात ताडून बघता येत नाहीत. अर्जावर नुसतं ‘गुडघेदुखी’ नको. आतल्या बाजूला दुखतं की बाहेरच्या, मुरगळला कधी, अडकतो का, आधी काही ऑपरेशन झालंय का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. कोणते संच घ्यायचे आणि कोणत्या जागी जास्त पातळ स्लाइस लावायच्या, हे त्या दोन ओळींवरून ठरतं.